उतरलेलं वजन

(दृश्य: देवगड तालुक्यातलं आरोग्य उपकेंद्र. बाहेर आषाढातला पाऊस. वजनकाट्यावर साठीतले तात्या.)

"तात्यानू, आधी वजन किती होता तुमचा?"
"बासष्ट. शिमग्याक."

काटा ५५ दाखवतोय.

(निवेदन)
तात्यांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे. घरात बोलणं चालतं ते ऑपरेशनचं, मुंबईच्या रेल्वे तिकिटाचं, पैशांचं. वजनाचं कुणी मनावर घेत नाही. दुखण्यात माणूस उतरायचाच, असं आपण धरूनच चालतो.

चार महिन्यांत ७ किलो, म्हणजे ११ टक्क्यांहून जास्त घट. कुपोषणाचा धोका ओळखायला 'मस्ट' ही ब्रिटनमध्ये तयार झालेली तपासणी जगभर वापरतात. तीन ते सहा महिन्यांत आपोआप १० टक्क्यांपेक्षा जास्त वजन गेलं, तर तिच्यात २ गुण. उंचीच्या मानाने वजन कमी, म्हणून तात्यांना आणखी १. एकूण २ झाले तरी धोका मोठा मानतात. तात्यांचे ३ झाले. काटा, उंची मोजायची पट्टी आणि जुनं वजन, एवढ्यावर हा हिशेब होतो.

(दृश्य: स्वयंपाकघर. ताटलीत उकड्या तांदळाची पेज, बाजूला आंब्याचं लोणचं.)

"पेज जाता मा माका," तात्या म्हणतात. जाते, हे खरंच. पण ताटलीभर पेजेत पाणीच जास्त. प्रथिनं जेमतेम काही ग्रॅम. कॅन्सरच्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज १ ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तात्यांना किमान ५५ ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम मिळतात. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद, ताजी मासळी दुर्मीळ. आणि आजाऱ्याला अंडं द्यायचं म्हटलं की घरातली म्हातारी माणसं नाक मुरडतात. आतडं गाठीने अरुंद झालं असेल तर मोडाचे कुळीथ, सालीची डाळ चालेलच असं नाही. त्यामुळे काय खायचं हे आहारतज्ज्ञाला विचारूनच ठरवावं.

जाड माणूस या तपासणीतून सहज निसटतो. पोट तसंच, पण मांड्या-दंडाचे स्नायू झिजलेले. कॅन्सर किती पसरलाय हे पाहायला केलेल्या सीटी स्कॅनमध्ये कमरेच्या तिसऱ्या मणक्यापाशी हे स्नायू दिसतात; कुणी मुद्दाम पाहिले तर. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन मात्र इथे फसवं. अंगात दाह (आजाराने येणारी सूज) असला तरी ते उतरतं, म्हणून त्यावरून कुपोषण ठरवत नाहीत.

धोका मोठा दिसला, तर ऑपरेशनआधी ७ ते १४ दिवस आहार सुधारायला देतात. गरज पडली तर तारीखही पुढे जाते. घरच्यांना ही दिरंगाई वाटते. पण कुपोषित रुग्णाची जखम भरायला वेळ लागतो आणि जंतुसंसर्गाची भीतीही जास्त.

तात्यांच्या केसपेपरवर आता दोन आकडे आहेत, ६२ आणि ५५, खाली तारखा. दर खेपेला तिसरा, चौथा लिहायचा, आणि मुंबईला निघताना हाच कागद फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवायचा.