आधी महिना सांगा, मग ठिकाण

नमस्कार मंडळी. गेल्या रविवारी दुपारी जेवून जरा आडवी झाले होते तेवढ्यात माझ्या मावसबहिणीचा डोंबिवलीहून फोन. ‘ताई, आम्हाला स्कुबा करायचंय, मालवण की अंदमान की सरळ बाली, पटकन सांग, हे लॅपटॉप उघडूनच बसलेत.’ मी विचारलं, सुट्टी कधीची? तर म्हणे मेचा शेवटचा आठवडा, ह्यांना तेव्हाच रजा मिळतेय. म्हटलं मग मालवण कट, अंदमान पण जवळजवळ कट, आता बोल. पलीकडे एकदम शांतता. आणि मागून मावशीचा आवाज, ‘कशाला नसते उद्योग, जुहूला जाऊन पाय भिजवून या की!’

तर आज त्याच फोनबद्दल बोलूया, कारण हा फोन मला वर्षातून चार-पाच वेळा येतो आणि दरवेळी सुरुवात चुकीच्या टोकाकडून असते. आपण ठिकाण आधी ठरवतो, कारण इन्स्टावर फोटो ठिकाणाचा असतो, त्याच्याखाली महिना कोणी लिहीत नाही. आणि समुद्राचं सगळं गणित महिन्यावर. आपल्या कोळीवाड्यात हे कोणाला शिकवावं लागत नाही, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही ही रीतच आहे, सरकारची मासेमारी बंदी पण १ जून ते ३१ जुलै, आणि कोकणातले वॉटर स्पोर्ट्स मेच्या शेवटच्या आठवड्यात बंद होतात ते थेट ऑगस्ट संपेपर्यंत. मान्सून केरळात १ जूनच्या आसपास येतो हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, पण अंदमानात तो त्याच्याही आधी टेकतो, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, म्हणजे बरोब्बर तेव्हाच जेव्हा मुंबईतली अर्धी कुटुंबं बॅगा भरत असतात.

मग मेमध्ये जायचं कुठे? बाली चालतं, तिथे एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा सीझन. श्रीलंका पण चालतं, फक्त बाजू नीट बघून घ्या, पश्चिमेकडचं हिक्कडुवा-उनावटुना नोव्हेंबर ते एप्रिल चांगलं आणि मेपासून सप्टेंबरपर्यंत पूर्वेचं त्रिंकोमाली. थायलंडचं तसंच, अंदमान समुद्राच्या बाजूची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चक्क बंद ठेवतात, आणि दुसऱ्या बाजूला आखातातलं को ताओ, जिथे जगभरातली पोरं कोर्स करायला जातात, ते तेव्हा मस्त चालू असतं, त्याचा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरला. देश एकच, समुद्र दोन. ट्रॅव्हलवाला तुम्हाला नुसतं ‘थायलंड’ विकतो, तेव्हा कुठली बाजू हे विचारा.

दिवाळीच्या सुट्टीत पण थोडी गडबड असते बरं का. मालवण उघडलेलं असतं पण नद्यांनी आणलेला गाळ अजून खाली बसलेला नसतो, पाणी हिरवट. अंदमानला परतीचा पाऊस. माझं मत विचाराल तर डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत जे मिळेल ते धरा, नाताळचा आठवडा सोडून, कारण तेव्हा समुद्र छान असतो पण बोटीवर माणसं विरार लोकलसारखी.

आता गरम पाणीच का. माझ्या ऑफिसमधल्या एकाला वाटायचं की हे लाड आहेत. तसं नाहीये. पाणी आपल्या अंगातली उष्णता हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने खेचून घेतं. अंदमानला पाणी २८ डिग्री होतं, म्हणजे आपल्या नळाला उन्हाळ्यात येतं तसं कोमट, आणि तरी दुसऱ्या डाइव्हला चाळीस मिनिटांनी माझे दात वाजायला लागले होते, वर आल्यावर बोटीवरच्या पोराने चहा दिला तो दोन्ही हातांनी धरून बसले. मग २१-२२ डिग्रीत काय होईल विचार करा, आणि रेड सी हिवाळ्यात तेवढाच असतो हं, इजिप्त म्हटलं की आपल्याला वाळवंट दिसतं म्हणून सांगते. थंड पाण्यात जाडा वेटसूट लागतो, जाडा सूट तरंगतो, तो खाली न्यायला कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं, आणि नवीन माणसाची निम्मी लढाई आधीच ह्याच्याशी चालू असते की मी वर का जातोय आणि खाली का पडतोय. शिवाय गारठलं की श्वास भराभर होतो आणि टाकी लवकर संपते. कोमट पाण्यात पातळसा तीन मिलिमीटरचा सूट पुरतो आणि डोकं श्वासाकडे राहतं.

आणि हो, पाठीवर असते ती हवेची टाकी. ऑक्सिजन सिलेंडर म्हणू नका. साधी हवा, आपण आत्ता घेतोय तीच, फक्त ठासून भरलेली.

पण गरम पाणी म्हणजे सोपं पाणी असं नाही, इथे बरेच जण फसतात. बालीच्याच शेजारी नुसा पेनिडा नावाचं बेट आहे, तिथे खालून अचानक थंड पाणी वर येतं आणि प्रवाह असा की अनुभवी लोकसुद्धा दगडाला धरून राहतात. मालदीवचं पाणी कोमट आणि काचेसारखं, पण दोन बेटांच्या मधल्या खाड्यांमधून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं धावतं. शिकायचंच असेल तर तिथे आतल्या लगूनमध्ये, म्हणजे बेटाला लागून असलेल्या शांत उथळ पाण्यात शिका, किंवा रिसॉर्टच्या अगदी पुढ्यातल्या रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकावर. आपल्या लक्षद्वीपची मजा तीच आहे, कदमत, बंगारमचे लगून म्हणजे देवाने बांधलेले स्विमिंग पूल, फक्त परमिट काढावं लागतं आणि विमान कोचीहून अगत्तीला, त्यामुळे प्लॅन चार दिवसांत उरकत नाही.

नवख्यांसाठी मला सगळ्यात आवडलेली जागा म्हणाल तर बालीच्या ईशान्येचं तुलांबेन. बोटच नाही! किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं आणि थोडंसं पोहत गेलं की समोर जहाज. लिबर्टी नावाचं अमेरिकन मालवाहू जहाज, जानेवारी १९४२ मध्ये जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला, बुडू नये म्हणून ओढत आणून ह्या किनाऱ्याला लावलं, आणि १९६३ ला आगुंग ज्वालामुखी फुटला त्यात ते घसरून पाण्यात गेलं. वरचा भाग पाच-सहा मीटरवरच आहे म्हणून नवख्यांनाही दिसतो. किनारा वाळूचा नाहीये, गोल काळे गोटे, पायाखाली खळखळ सरकतात आणि घोटा मुरगळायचे सगळे चान्सेस, मी तर लाजलज्जा सोडून रांगत बाहेर आले. आणि तिथल्या बायका डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर टाकी घेऊन त्याच गोट्यांवरून सरसर चालतात, अगदी ससून डॉकला आपल्या कोळणी माशाची पाटी घेतात तशा. मला माझीच टाकी उचलवत नव्हती.

बरं, आता मालवण. मालवणला नावं ठेवायची फॅशन आलीये, ‘काही दिसत नाही हो तिथे’. खरं सांगू का, रात्री कोकणकन्या पकडून सकाळी कुडाळला उतरा, तासाभरात मालवण, १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग समोर, आणि त्याच्या आडोशाला सात-आठ मीटर पाण्यात तुम्ही पहिला श्वास घेता, एवढ्या स्वस्तात आणि एवढ्या जवळ मुंबईकराला दुसरं काय मिळणार? चांगल्या दिवशी पाच-सात मीटर दिसतं. चांगला दिवस कसा शोधायचा हे एका तांडेलने मला सांगितलं, कालनिर्णय उघडायचं आणि अष्टमी बघायची. अमावस्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, पाणी खूप आत-बाहेर होतं, तळाची वाळू ढवळली जाते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, हालचाल कमी, पाणी निवळ. तेव्हापासून मी मालवणचं बुकिंग तिथी बघून करते, आमचे हे हसतात, म्हणतात साखरपुडा आहे का कोणाचा.

पण माझी तिथली पहिली डाइव्ह फुकट गेली ती पाण्यामुळे नाही. बोटीवर पंचवीस माणसं, इंजिन चालू, आणि त्या आवाजात एक मुलगा दोन मिनिटांत ओरडून काहीतरी सांगून गेला, ते मागच्या फळीवर बसलेल्या आम्हाला ऐकूच आलं नाही. खाली गेले. तोंडात त्या रबराची चव, कानात स्वतःच्याच श्वासाचा घर्र घर्र आवाज, आणि अचानक समोरून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा थवा, एवढा जवळ की डोळे मोजावेत. मी आनंदाने आंगठा वर केला. म्हणजे आपलं ‘एक नंबर’ हो! तर मला धरून नेणाऱ्या इन्स्ट्रक्टरने मला सरळ उचलून वर आणलं. कारण पाण्याखाली आंगठा वर म्हणजे ‘मला वर ने’, आणि ‘मस्त चाललंय’साठी आंगठा आणि तर्जनीचा गोल करायचा असतो, हे मला बोटीवर परत चढल्यावर कळलं. पंधरा मिनिटांचे पैसे, सहा मिनिटांत टर्न संपला. पुन्हा सोडा म्हटलं तर म्हणे मॅडम मागे लाइन आहे.

म्हणून सेंटरला फोन कराल तेव्हा मासे कुठले दिसतील हे विचारू नका. एका इन्स्ट्रक्टरच्या हातात किती जण, उथळ पाण्यात आधी सराव करून घेणार का, खुणा जमिनीवर शिकवणार का, तब्येतीचा फॉर्म भरून घेता का, आणि समुद्र खवळलेला असेल तर पैसे परत की ‘बघू’. पहिल्याच वेळेला तुमच्याबरोबर तुमचा एकट्याचा माणूस असेल तर उत्तम, दोघांत एक ठीक. फॉर्मच न देणाऱ्याकडे मी तरी जात नाही, दमा असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर ते खरं लिहा आणि आधी डॉक्टरांना विचारा.

कानाचं तर वेगळंच. पाण्यात १० मीटर खाली गेलात की दाब दुप्पट होतो, पण पुढच्या दुप्पटीला, म्हणजे चौपट व्हायला, ३० मीटर जावं लागतं. म्हणजे गंमत बघा, कानाला सगळ्यात जास्त त्रास वरच्या चार-पाच मीटरमध्येच होतो, ‘मी काय खोल जात नाहीये’ म्हणणाऱ्याला पण. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, दुखायच्या आधी, दर थोड्या अंतरावर. दुखलं तर थांबायचं, जरा वर यायचं, पुन्हा फुंकायचं. सर्दी असेल तर नाहीच जायचं, तिकिटाचे पैसे गेले तरी. आणि श्वास कधीही रोखून धरायचा नाही, कारण वर येताना छातीतली हवा फुगते.

अजून एक ठरवायचं असतं, नुसती चव घ्यायचीये की शिकायचंय. चव घ्यायला पोहता आलं नाही तरी चालतं, इन्स्ट्रक्टर धरून नेतो, त्यासाठी मालवण किंवा कर्नाटकातल्या मुरुडेश्वरहून नेत्राणी बेट. शिकायचं असेल, म्हणजे १८ मीटरपर्यंत जायचं कार्ड हवं असेल, तर तीन-चार दिवस, समुद्रातल्या चार डाइव्ह, २०० मीटर न थांबता पोहणं आणि दहा मिनिटं तरंगत राहणं. ह्यातलं पोहणं आधी मुंबईतच उरकून घ्या, दादरच्या पालिकेच्या तलावात का होईना, अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर जाऊन हातपाय मारायला शिकणं फार महागात पडतं. हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय, पोर्ट ब्लेअरचं पण २०२४ ला श्री विजयपुरम, तिकीट शोधताना गोंधळू नका. आणि शेवटचा दिवस कोरडा ठेवा, डाइव्हनंतर १८ तास तरी विमान नको, अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. मालवणला डाइव्ह केलीत आणि लगेच गाडीने आंबोली घाट चढायला निघालात तर ते पण त्यातच मोडतं, विमानासारखंच उंचावर जाणं ते, घाट ७०० मीटरच्या आसपास आहे.

तर मावसबहिणीचं काय झालं. दोन दिवसांनी परत फोन, मेचा बेत रद्द, ह्यांनी जानेवारीत रजा टाकलीये, हॅवलॉक, चौघंही कोर्स करणार, पोरगी तेरा वर्षांची आहे, दहा पूर्ण असली की तिला पण करता येतो. मग म्हणाली, ‘ताई, माझ्या चष्म्याचं काय, मला तर बसचा नंबर दिसत नाही.’ म्हटलं सॉफ्ट लेन्स चालतात, नाहीतर काही सेंटरवर नंबरचे मास्क असतात, आत्ताच तुझा नंबर कळवून ठेव. ‘आणि आईचं काय करायचं?’ मावशीशी मी बोलते म्हटलं, पण आधी तू पूलची फी भरून ये.