विसावा ठोसा

पडद्यावर दिसणारा हा कराटेतला ठोसा ग्याकू-झुकी आहे. जो पाय मागे, त्याच बाजूच्या हाताने मारायचा सरळ ठोसा. या सेन्सेईंनी, म्हणजे कराटेच्या गुरूंनी, तो आजवर किती वेळा मारला असेल, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. आज मात्र ते तो फक्त वीस वेळा मारणार आहेत आणि त्या विसांचे एकमेकांशी किती जुळते, हे तपासले जाणार आहे.

बाकावर घडी करून ठेवलेला त्यांचा काळा पट्टा पाहा. गाठ बसते तिथे रंग झिजून आतले पांढरे सूत उघडे पडले आहे. पट्ट्याबरोबर कराटेचा सैल पोशाख, म्हणजे गीसुद्धा उतरवावा लागला, कारण मार्कर, म्हणजे हालचाल टिपण्याची खूण, कापडावर लावला तर हाताऐवजी कापडाचे हेलकावेच मोजले जातात. म्हणून मनगटाच्या दोन्ही हाडांवर, कोपरावर, खांद्याच्या टोकावर आणि कमरेच्या हाडांवर करवंदाएवढे चकाकते गोळे थेट त्वचेवर किंवा घट्ट कपड्यांवर चिकटवले आहेत. भोवतालचे कॅमेरे इन्फ्रारेड प्रकाश सोडतात, गोळे तो परत फेकतात आणि एकच गोळा किमान दोन कॅमेऱ्यांना दिसला की त्याची नेमकी जागा काढता येते.

आता वेग कमी करून तोच ठोसा पाहू. सेकंदाला 25 चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये 40 मिलिसेकंद निसटतात. सेकंदाला 200 चित्रे टिपली, तर ते अंतर 5 मिलिसेकंदांवर येते. दुसरा हात कमरेकडे खेचला जाणे (हिकिते), नितंब वळणे आणि मूठ शेवटच्या क्षणी फिरणे यांचा क्रम तेव्हाच उलगडतो. खरी कसोटी ठोसा कुठे सुरू झाला हे ठरवण्यात असते. मनगटाचा वेग ठरावीक मर्यादेपुढे गेला की सुरुवात मानतात. ही मर्यादा चुकीची धरली, तर नसलेली विसंगती आकड्यांत उमटते. त्यानंतर प्रत्येक ठोसा शून्य ते शंभर टक्के अशा एकाच पट्टीवर बसवून प्रत्येक टप्प्यावरचे प्रमाण विचलन, म्हणजे ठोसे एकमेकांपासून किती विखुरले याचे माप, काढले जाते.

या त्या वीस रेषा. वरच्या कोपराच्या आहेत आणि त्या बऱ्याच विखुरलेल्या आहेत. खालच्या मनगटाच्या, आणि त्या लक्ष्याजवळ येता येता एकमेकींत मिसळतात. हालचालींचे अभ्यासक निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920 च्या दशकात मॉस्कोमध्ये, छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या अंगावर लहान दिवे लावून हालचाली टिपल्या, तेव्हा त्यांनाही असेच आढळले होते: हातोड्याचे टोक सांध्यांपेक्षा कमी भरकटत होते. मुरलेले शरीर जुनी हालचाल गिरवत नाही; एका सांध्यातला फरक ते दुसऱ्या सांध्यात सावरून घेते. किहोनची, म्हणजे मूलभूत तंत्रांची, रोजची उजळणी कंटाळवाणी म्हणून टाळणाऱ्या प्रत्येक वर्गाने या रेषा पाहाव्यात, असे आम्हाला मनापासून वाटते.

लंडनमधील इम्पिरिअल कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी 2012 मध्ये 12 ब्लॅक बेल्टधारक आणि कराटे न शिकलेल्या 12 जणांची तुलना केली. अवघ्या पाच सेंटिमीटर अंतरावरून मारलेल्या ठोशाचे बळ मनगट आणि खांदा यांच्या वेळेचा मेळ किती नेमका आहे, याच्याशी जोडलेले दिसले आणि या मेळाचा संबंध लहान मेंदूतील पांढऱ्या द्रव्याच्या रचनेशीही आढळला.

टोकियो ऑलिंपिकमध्ये मात्र काता, म्हणजे कराटेतील ठरलेल्या हालचालींचा क्रम, सात परीक्षकांच्या नजरेनेच जोखला गेला. दुखापत टाळण्यासाठी आणि शिकवण्यासाठी या मोजमापाचा उपयोग व्हायला हवा.

आता विसावा ठोसा, मूळ वेगाने आणि मूळ आवाजासह.