गोऱ्हा नको, कालवड हवी

(दृश्य : माळेगावची यात्रा, जनावरांचा बाजार)

निवेदन :
लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की जनावरांचा बाजार बघावा. गिऱ्हाईक आधी गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात बघतं. मग वशिंडावरून हात फिरवतं, खूर तपासतं, चार पावलं चालवून घेतं. लाल कंधारी जातीच्या जनावराच्या अंगावर पांढरा डाग दिसला की नाक मुरडतं. जनुकाबिनुकाची भाषा इथं कोणी करत नाही, काम मात्र जनुकांचंच चाललेलं असतं. नजरेत भरलेला एखादाच वळू म्हणून राखायचा, बाकीच्यांचं खच्चीकरण. पुढच्या पिढीत कोणाचं रक्त उतरणार, ते असं ठरत आलं.

देवणी ही गाय-बैलांची जातही अशीच घडली. डांगी आणि गीर या जातींचं आणि इथलं गावरान रक्त लातूर-उदगीरच्या पट्ट्यात मिसळलं. तिचे तीन प्रकार. पांढऱ्या अंगाचा, काळपट तोंडाचा तो वानेरा. शिवाय बालंक्या आणि शेवरा. गाय दूधही देते, पण शेतकऱ्याचा डोळा बैलावर. काळ्या, चिकट रानात औत ओढायचं तर बैलच हवा.

(दृश्य : गोठा, संकरित गाय)

मग दुधाचं गणित आलं. परभणीच्या कृषी विद्यापीठात होल्स्टीन ही विदेशी दुधाळ जात आणि देवणी यांच्या संकरातून 'होलदेव' तयार झाली. संकरानं दूध वाढतं, यात वाद नाही. पण संकरित गोऱ्ह्याला वशिंड नावापुरतंच. मग जू अडणार कशावर? उन्हाळ्यात तो धापा टाकतो ते वेगळंच.

दरम्यान ट्रॅक्टर आला आणि गोऱ्हा नकोसा झाला.

(दृश्य : उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून काढलेली रेतनकांडी, म्हणजे गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी)

त्यावरचा उपाय या कांडीत आहे. कालवड जन्माला घालणाऱ्या शुक्राणूत डीएनए सुमारे ४ टक्के जास्त असतो. चमकणारा रंग चढवून लेसरसमोरून नेलं की तो जरा जास्त उजळतो, आणि यंत्र त्याला बाजूला काढतं. अशा रेतनातून होणाऱ्या १०० वासरांत साधारण ९० कालवडी. ज्या मुलखानं बैलासाठी जात घडवली, तिथं आता गोऱ्हा होऊच नये म्हणून पैसे मोजले जातात. शेतकऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कडबा फुकट येत नाही.

यापुढची पायरी थेट जनुकात हात घालण्याची. कॅरिबियन बेटांवरच्या सेनेपोल गाईंत आखूड केसांचा एक नैसर्गिक बदल आहे, त्यानं ऊन सोसतं. तसाच बदल जनुक-संपादनानं केलेल्या गुरांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये कमी धोक्याचं ठरवलं. ऊन सोसणं देवणीत उपजतच आहे, हे जाता जाता.

बिनशिंगाच्या गुरांचा प्रयोग मात्र अडखळला. संपादित वासरांत जीवाणूंचा डीएनए राहून गेला होता, त्यात प्रतिजैविकाला दाद न देणारी जनुकंही होती. २०१९ मध्ये हे उघड झालं. आणि समजा प्रयोग साधला असता, तरी शिंगंच नाहीत तर पोळ्याला हिंगूळ आणि बेगड लावायचं कशावर, हे आमच्याकडं कोणीतरी विचारलंच असतं.