तोच भूप, पुन्हा?

मंडळी, गायकाचा नवा अल्बम आला, त्यात पुन्हा भूप राग निघाला की दादर-माटुंग्याच्या बैठकांत एकच वाक्य ऐकू येतं: ‘तेच तर गायलंय!’ असेलही. पण निकाल द्यायच्या आधी अल्बम खरंच नवा आहे का, ते पाहा. काळा घोड्याचं रिदम हाऊस हे तबकड्या-सीडींचं दुकान 2016 साली बंद झालं, आणि कव्हर उलटून मागचा मजकूर वाचायची आपली सवयही जवळजवळ गेली. मोबाइलवर दिसणारं साल बऱ्याचदा डिजिटल प्रकाशनाचं असतं. मैफल तीस वर्षांपूर्वीची असू शकते. तबल्याला कोण, पेटीला कोण, हे शोधलं की काळाचा अंदाज येतो.

मग पट्टी, म्हणजे गायकानं षड्ज (सा) पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरलाय ते. जुन्या ध्वनिमुद्रणात काळी एक, नव्यात तिच्यापेक्षा अर्धा स्वर वरची पांढरी दोन, म्हणून ‘आवाज चढलाय, लयही वाढलीय’ असं कुणी म्हणालं तर थांबा. अर्ध्या स्वराचा फरक म्हणजे वेगात साधारण 6 टक्के. ध्वनिमुद्रण करताना टेप तेवढी संथ फिरली असेल, तर नंतर सगळंच चढं आणि जलद ऐकू येतं. मागे विजेची घरघर असेल तर तीही तपासा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. घरघर 53 च्या आसपास सापडली तर टेपचाच दोष समजा. मात्र कॉपी करताना नवी घरघर मिसळते, ती 50 लाच बसते आणि फसवते.

वेळेचंही तसंच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आत संपायची, एलपीची (लाँग प्ले तबकडीची) वीस-पंचवीस मिनिटांत, सीडीवर 74 मिनिटं मावतात. तबकडीतला आटोपशीर विस्तार आणि सीडीतला ऐसपैस विस्तार यांची तुलना करून ‘गायक प्रगल्भ झाला’ म्हणणं म्हणजे जागेच्या फरकाला विचाराचा फरक समजणं.

आता मुख्य काम. बंदिश, म्हणजे रागात बांधलेली रचना, तीच असणार, ती सोडून द्या. विलंबित, म्हणजे संथ, त्रितालात समेपासून (पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत, म्हणजे सोळा मात्रांच्या एका आवर्तनाला, घड्याळ लावा. 48 सेकंद आले तर मात्रा 3 सेकंदांची. लय पुढे वाढत जाते, म्हणून दोन्ही ध्वनिमुद्रणांतली सुरुवातीचीच आवर्तनं घ्या. कागदावर आवर्तनांचे आकडे मांडा आणि प्रत्येकापुढे गायक कुठल्या स्वरावर थांबला ते लिहा. समजा, जुन्यात दुसऱ्या आवर्तनात गंधार, चौथ्यात पंचम, आठव्यात वरचा, तार षड्ज. नव्यातही हुबेहूब तेच. मग पुनरावृत्ती म्हणायला हरकत नाही, आवाज कितीही पिकलेला असो. पण नव्यात गायक चार आवर्तनं गंधारावरच थांबला, रिषभाकडून चढण्याऐवजी पंचमाकडून त्यावर उतरला, तर विचार बदललाय. इथं एक खड्डा आहे. वेगळेपणासाठी वजन धैवतावर सरकलं की भूप देशकार रागाकडे झुकतो, कारण दोघांचे स्वर तेच पाच आहेत. त्याला प्रगती म्हणू नये, ती घसरण आहे.

गायिका किशोरीताई आमोणकरांच्या बाबतीत हा कागद फार उपयोगी पडतो. तालीम मोगूबाई कुर्डीकरांची, जयपूर-अत्रौली घराण्याची, जिथं आलापसुद्धा लयीच्या चौकटीत बांधलेला. ताईंनी आलापाला जी जागा दिली, ती आवर्तनं मोजली की डोळ्यांना दिसते. ‘भाव’ हा शब्द न वापरताही!

तानांवरून, म्हणजे जलद स्वरमालिकांवरून, मात्र निकाल देऊ नका. तानेचे पलटे गळ्यात बसलेले असतात, ते प्रत्येकाचे परत येतातच. त्यापेक्षा मुखडा, म्हणजे समेवर नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, ऐका. बाराव्या मात्रेवरून उचलायचा मुखडा दर वेळी ठरल्या जागी, ठरल्या वजनानं येतोय, की आलापाच्या शेवटच्या स्वरातूनच निघून समेवर पोचतोय? सरावलेला गायक विस्तार बदलून दाखवू शकतो. मुखडा पकडायची सवय सहसा सुटत नाही.