केळीचा कंटेनर आणि खेकड्याचं वाण

[दृश्य : रावेर शिवार. केळीची कापणी.]

रावेरच्या या मळ्यातून घड उतरतायत. धुऊन खोक्यात भरतील, कंटेनर न्हावा-शेव्याला जाईल, तिथून जहाजानं आखातात. रोपं टिश्यू कल्चरची, सगळी एकसारखी. त्यामुळे सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला की सगळा मळा कसा सापडतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. वाणात फरक असण्याचं मोल त्याला कळतं.

म्हणूनच जहाजातून फिरणाऱ्या खेकड्यांच्या वाणाची ही गोष्ट खान्देशातून सुरू केली.

[दृश्य : बंदर. जहाजाच्या कुशीतून पडणारं पाणी.]

माल उतरला की जहाज हलकं होतं, मग तोल राखायला त्याच्या पोटात समुद्राचं पाणी भरतात. हेच बॅलास्ट पाणी. पुढच्या बंदरात माल चढला की ते सोडून देतात. त्यात खेकड्या-झिंग्यांची इवलीशी पिलं असतात. एरवी प्रवाहाबरोबर जातील तेवढीच जाणारी ही पिलं जहाजातून महासागर ओलांडतात.

युरोपातला हिरवा खेकडा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 1817 साली नोंदला गेला. हळूहळू उत्तरेला सरकत तो कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियापाशी थबकला. थंडीनं अडवला, असं वाटलं. मग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो आणखी वर दिसू लागला. जुनाच खेकडा काटक झाला म्हणावं, तर डीएनएनं वेगळंच सांगितलं : ही उत्तर युरोपातून आलेली नवी खेप होती. दोन्ही वाणांचा संकरही झाला.

मोजक्या बियाण्यावर उभं राहिलेलं कूळ कमजोर, असा आपला हिशेब. जहाजं पुन्हा पुन्हा नवं बियाणं टाकत असतील, तर तो चुकतो. आणि गंमत म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत 1989च्या सुमारास सापडलेला हाच खेकडा फारशी विविधता नसतानाही पार कॅनडापर्यंत पसरला!

भेसळीचं दुखणं वेगळं. ज्वारीत दुसरं वाण मिसळलं तर कणसावरून कळतं. दूरच्या किनाऱ्याचा त्याच जातीचा खेकडा मिसळला, तर तो दिसतो तसाच. पिढ्यान्‌पिढ्या त्या खाडीच्या पाण्याला सरावलेलं वाण मात्र पातळ होत जातं.

बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार 2004 साली झाला, लागू झाला 2017मध्ये. आता पाणी सोडण्याआधी त्यातले जीव मारायचे. पण जहाजाच्या तळाला चिकटणारे, दगडासारखे दिसणारे बार्नेकल? तेही खेकड्याचेच भाऊबंद. त्यांना हा करार लागू नाही.

[दृश्य : रावेर. कंटेनरचं दार बंद होतं.]