वय वर्षं 8 ते 25

(दृश्य: जुन्या पाठ्यपुस्तकाचं पान. कॅमेरा चित्रावर सावकाश सरकतो.)

हे चित्र नीट पाहा. जहाजाचा डेक आहे. एक गोरा गृहस्थ हात पुढे करून उभा आहे आणि समोरचा काळा माणूस त्याच्याशी हस्तांदोलन करतोय. काळ्या माणसाच्या अंगावर सूट आहे, बायको आणि मुलगाही नीटनेटक्या कपड्यांत आहेत. पाहुणे आल्यासारखं वाटतं. पण हे आफ्रिकेतून आणलेलं कुटुंब आहे आणि त्यांची व्हर्जिनियात विक्री होणार आहे.

हे पान अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या सातवीच्या इतिहासाच्या पुस्तकातलं आहे. सरकारी शाळांत हेच पुस्तक होतं. गुलामगिरीच्या काळात व्हर्जिनियातले काळे लोक साधारणपणे आनंदात होते, असं त्यात छापलेलं आहे.

(दृश्य: रिचमंड, राज्याचं विधिमंडळ. पांढरे खांब, पायऱ्या.)

ही काही एखाद्या लेखकाची चूक नव्हती. या इमारतीत ठरवून हे झालं. 1950 मध्ये विधिमंडळानं इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांसाठी एक समिती नेमली. मुलांनी आपल्या राज्याबद्दल काय वाचावं, हे राजकारणी ठरवणार होते. कोणत्या सेनापतीला किती पानं द्यायची, गुलामगिरीबद्दल किती लिहायचं आणि कोणत्या सुरात, यावर वर्षानुवर्षं काम चाललं. मसुदे आले, तपासले गेले, बदलले गेले. मध्येच 1954 साल उजाडलं. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं दिला. व्हर्जिनियाच्या राज्यकर्त्यांनी तो मानायला नकार दिला आणि त्या वातावरणात, 1957 मध्ये, ही पुस्तकं वर्गात पोचली. एक चौथीसाठी, एक सातवीसाठी, एक वरच्या इयत्तेसाठी.

(दृश्य: फार्मव्हिल गाव. जुन्या मोटन शाळेची विटांची इमारत.)

हे प्रिन्स एडवर्ड कौंटीतलं, म्हणजे त्या नावाच्या जिल्ह्यातलं, फार्मव्हिल. 1951 मध्ये काळ्या मुलांच्या याच शाळेतून बार्बरा जॉन्स ही सोळा वर्षांची मुलगी चांगल्या इमारतीच्या मागणीसाठी साऱ्या विद्यार्थ्यांना घेऊन बाहेर पडली होती. न्यायालयाच्या त्या निकालात या मुलांचाही खटला होता. पुढे काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवण्याची वेळ आली तेव्हा कौंटीनं 1959 मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. त्या 1964 पर्यंत बंद राहिल्या. उरलेल्या राज्यात मुलं आनंदी गुलामांचा धडा पाठ करत होती.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती पुस्तकं मागे घेतली गेली. तोवर एक अख्खी पिढी ती शिकून मतदार झाली होती.

(दृश्य: आजचं वर्गातलं कपाट, पुस्तकांचे कणे.)

आणि 2010 मध्ये व्हर्जिनियाच्याच चौथीच्या एका नव्या पुस्तकात छापून आलं, की यादवी युद्धात हजारो काळे सैनिक दक्षिणेच्या बाजूनं, म्हणजे गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या सैन्यातून लढले. याला आधार नव्हता. लेखिकेला ही माहिती इंटरनेटवर मिळाली होती आणि तिचं मूळ दक्षिणेच्या सैनिकांच्या वंशजांच्या एका संघटनेपाशी निघालं. एका इतिहासकार आईनं आपल्या मुलीचं पुस्तक चाळलं, म्हणून ते उघडकीला आलं.

(दृश्य: अलेक्झांड्रिया. ड्यूक स्ट्रीटवरची वाहती गर्दी. क्रमांक 1315, विटांचं घर.)

मग मुलांना गुलामगिरीचा इतिहास शिकवायचा कुठून? आमच्या मते इथून.

वॉशिंग्टनच्या नदीपलीकडचं हे अलेक्झांड्रिया शहर. उत्तर व्हर्जिनियाच्या या पट्ट्यात आज अनेक मराठी घरं आहेत. रविवारच्या मराठी शाळा आहेत, गणपती बसतात. आणि रस्त्याच्या कडेला हे घर उभं आहे. 1828 मध्ये आयझॅक फ्रँकलिन आणि जॉन आर्मफिल्ड या दोघांनी ते भाड्यानं घेतलं आणि माणसं विकत घेऊन दक्षिणेला विकण्याचा धंदा सुरू केला. अमेरिकेतल्या अशा सर्वांत मोठ्या पेढ्यांपैकी ही एक.

(दृश्य: 1828 च्या वर्तमानपत्रातली जाहिरात. एकेक ओळ उजळत जाते.)

ही त्यांची जाहिरात. ड्यूक स्ट्रीटवरचं तीन मजली विटांचं घर आम्ही घेतलं आहे, असं आधी सांगितलं आहे. मग मागणी येते. दीडशे तरुण काळी माणसं विकत घ्यायची आहेत. मुलगे आणि मुली, दोन्ही चालतील.

वय, 8 ते 25 वर्षं.

(दृश्य: मराठी शाळेतली मुलं संग्रहालयात जाहिरातीसमोर उभी आहेत. काही क्षण निवेदन नाही.)

(दृश्य: यादवी युद्धाच्या काळातलं छायाचित्र. इमारतीवर रंगवलेली पाटी.)

हे छायाचित्र त्यानंतरचं. तोवर पेढीचे मालक बदलले होते, धंदा तोच होता. दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत प्राइस, बर्च आणि कंपनी हे नाव आणि त्याखाली 'गुलामांचे व्यापारी' असं रंगवलेलं आहे. लपवाछपवी काहीच नव्हती. किराण्याच्या दुकानावर लावावी तशी पाटी.

आत काय होतं, तेही लिहून ठेवलेलं आहे. 1835 मध्ये गुलामगिरीविषयी माहिती गोळा करणारा एक अभ्यासक इथे येऊन गेला. उंच, चुना लावलेल्या भिंतींची अंगणं. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. आणि शिंप्याचं काम. माणसांना नवे कपडे शिवत होते, ते दक्षिणेला पोचल्यावर अंगावर घालायचे, म्हणजे बाजारात किंमत चांगली येते. 1957 च्या पुस्तकातला तो सूट आठवा. नवे कपडे खरोखरच होते. ते कशासाठी होते, एवढंच पुस्तकानं सांगितलं नाही.

(दृश्य: तळघराच्या पायऱ्या, विटांची भिंत, लोखंडी गज. मग पोटोमॅक नदीचा धक्का.)

इथून दोन वाटा निघायच्या. एक पायवाट. बेड्यांनी जोडलेले पुरुष पुढे, बायका-मुलं मागे, असे तांडे उन्हाळ्याच्या दिवसांत मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझपर्यंत चालवत नेत. हजार मैलांहून जास्त अंतर. दुसरी वाट समुद्राची. या धक्क्यावरून पेढीची स्वतःची जहाजं न्यू ऑर्लिन्सला जात. एका जहाजाचं नाव तर मालकाच्याच नावावरून ठेवलं होतं.

त्या काळात व्हर्जिनियात तंबाखूच्या शेतीचं महत्त्व कमी होत होतं आणि दक्षिणेत कापूस आणि ऊस वाढत होता. व्हर्जिनियाचा जमीनमालक माणसं विकून कर्ज फेडायचा. मिसिसिपीचा मळेवाला तीच माणसं बँकेच्या कर्जावर विकत घ्यायचा. बँका होत्या, विमा होता, वकील होते, वर्तमानपत्रं जाहिरातींचे पैसे घेत होती. यादवी युद्धापर्यंतच्या काही दशकांत सुमारे दहा लाख माणसांना असं देशातल्या देशात उपटून दक्षिणेला नेलं गेलं. आफ्रिकेतून थेट उत्तर अमेरिकेत उतरवलेल्यांची संख्या सुमारे चार लाख होती. शाळेतल्या धड्यात समुद्रापलीकडून आलेलं जहाज असतं. हा देशांतर्गत बाजार मात्र एका परिच्छेदात आटोपतो, कारण त्याची घरं आजही आपापल्या पत्त्यांवर उभी आहेत.

(दृश्य: जहाजाची यादी. जुन्या शाईतलं तिरकं अक्षर. पांढरे हातमोजे पान उलटतात.)

आणि हा आमच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा कागद. आफ्रिकेतून गुलाम आणणं 1808 पासून बेकायदा झालं. त्याच कायद्यानं असं बंधन घातलं, की देशातल्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात गुलाम न्यायचे तर कप्तानानं यादी द्यायची. सरकारला खात्री करून घ्यायची होती, की ही माणसं आधीपासून देशातलीच आहेत. म्हणून या याद्या राष्ट्रीय अभिलेखागारात जपून राहिल्या.

रकाने पाहा. नाव. लिंग. वय. उंची, फूट आणि इंचांत. वर्ण. पाठवणारा कोण, घेणारा कोण. आईबापांशिवाय पाठवलेली मुलं या याद्यांत आहेत.

चौथीतल्या मुलाला वय कळतं, उंची कळते. तो स्वतःची उंची भिंतीवर खूण करून मोजतो. अशी एक यादी, एक नकाशा आणि एक तास शिक्षकांना द्या. मुलं स्वतः विचारतील, याची आई कुठे गेली? विकत घेणाऱ्याचं नाव समोर लिहिलेलं असतं. कोणी केलं, कशासाठी केलं, कोणत्या कायद्यानं करता आलं, हे सगळं कागदावरच आहे. मोठ्या इयत्तांना कायदे वाचायला द्यावेत. व्हर्जिनियानं 1662 मध्ये लिहून ठेवलं, की मूल गुलाम की मुक्त हे आईवरून ठरेल. त्या एका कलमानं मालकाला पिढ्यान् पिढ्या फुकट माणसं मिळाली आणि स्वतःच्या मुलांचीही विक्री करता आली.

(दृश्य: ड्यूक स्ट्रीटवरच, थोडं पुढे. दोन मुलींचा ब्राँझचा पुतळा. ऊन.)

या दोघी बहिणी. मेरी आणि एमिली एडमन्सन. वडील मुक्त होते, आई गुलाम. शेजारच्या मेरीलँडमध्येही तोच नियम चालायचा, म्हणून मुलं गुलाम. एप्रिल 1848 मध्ये वॉशिंग्टनहून 77 माणसांनी 'पर्ल' नावाच्या गलबतातून पळ काढला. त्यांत एडमन्सन घरातली सहा भावंडं होती. मेरी पंधरा वर्षांची, एमिली तेरा. वाऱ्यानं साथ दिली नाही आणि पाठलागावरच्या वाफेच्या बोटीनं त्यांना गाठलं. दोघींना या जागेवर, जोसेफ ब्रूइन नावाच्या व्यापाऱ्याच्या कोंडवाड्यात ठेवलं, मग न्यू ऑर्लिन्सला पाठवलं. तिथे पिवळ्या तापाची साथ होती, माल खराब होईल म्हणून परत आणलं. वडील पॉल एडमन्सन न्यूयॉर्कला गेले. हेन्री वॉर्ड बीचर या धर्मोपदेशकानं सभा घेतल्या आणि 2,250 डॉलर उभे राहिले. नोव्हेंबरात मुली सुटल्या.

(दृश्य: 1850 चं छायाचित्र. सभेची गर्दी, मध्ये शाली पांघरलेल्या दोन मुली.)

सुटका झाल्यावर त्या गप्प बसल्या नाहीत. ऑगस्ट 1850, न्यूयॉर्क राज्यातलं कॅझेनोव्हिया गाव. पळून आलेल्या गुलामांना पकडून परत देण्याच्या कायद्याविरुद्धची ही सभा. टेबलापाशी स्वतः गुलामीतून सुटून तिच्याविरुद्ध लढणारे फ्रेडरिक डग्लस बसलेत आणि त्यांच्या मागे मेरी आणि एमिली. मेरी क्षयानं 1853 मध्ये गेली. एमिली वॉशिंग्टनला आली आणि काळ्या मुलींसाठी मर्टिला मायनर यांनी काढलेल्या शाळेच्या कामात पडली.

हा भाग आम्हाला वर्गात फार हवा आहे. गुलामीतल्या माणसांना फक्त सोसताना दाखवलं, तर मुलांना त्यांची कीव येते. योजना आखताना, पळताना, भाषण करताना, शाळा चालवताना दाखवलं, तर मुलं त्यांना ओळखतात.

(दृश्य: पुणे, भिडे वाड्याचं जुनं छायाचित्र.)

'पर्ल' निघालं त्याच 1848 साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. व्हर्जिनियात तेव्हा 1831 चा कायदा लागू होता. काळ्या माणसांना लिहायला-वाचायला शिकवण्यासाठी जमणं हा गुन्हा होता. अक्षर कोणाच्या हातात जाऊ द्यायचं नाही, हे दोन्हीकडच्या सत्ताधाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. 1873 मध्ये जोतीरावांनी आपलं पुस्तक अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. 'आपला काय संबंध?' असं जे मराठी पालक म्हणतात, त्यांना आम्ही हे पान दाखवतो. आणि हेही सांगतो, की कुळंबिणी-बटकींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी पेशवाईच्या दप्तरांतही आहेत. आपल्या शाळांत त्यांवरही एक तास व्हायला हवा.

(दृश्य: शाळा मंडळाची बैठक. माइकसमोर पालकांची रांग, हातात फलक.)

आता अलीकडच्या घडामोडी. जानेवारी 2022 मध्ये व्हर्जिनियाचे तेव्हाचे नवे गव्हर्नर ग्लेन यंगकिन यांनी पदभार घेतल्या दिवशीच 'फूट पाडणाऱ्या संकल्पना' शाळेत शिकवण्याविरुद्ध आदेश काढला. शिक्षकांविषयी कळवायला पालकांना एक ई-मेल पत्ताही देण्यात आला होता. इतिहासाच्या नव्या अभ्यासक्रमावर अनेक महिने खडाजंगी होऊन एप्रिल 2023 मध्ये तो मंजूर झाला. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत बारावीच्या मुलांपैकी फक्त 8 टक्क्यांना यादवी युद्धाचं मुख्य कारण गुलामगिरी हे सांगता आलं होतं.

(दृश्य: माइकवर एक आई. तिच्यामागे तिचा मुलगा, हातात वही.)

शाळा मंडळाच्या, म्हणजे सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक समितीच्या, बैठकीत पुन्हा पुन्हा एक वाक्य येतं. नऊ वर्षांच्या मुलाला हे कशाला सांगायचं, त्याला त्रास होईल. काळजी खरी आहे, आईबापांची आहे, तिला उत्तर द्यायलाच हवं. चौथीत फटक्यांचे वळ दाखवा, असं कोणी म्हणत नाही. गोऱ्या मुलाला त्याच्या रंगाबद्दल दोषी ठरवा, असंही नाही. पण जाहिरातीतलं वय व्यापाऱ्यानं लिहिलं होतं. नऊ वर्षांचं मूल त्याच्या मोजमापात बसत होतं. आज त्याच वयाच्या मुलाला ते वाचायला मोठं व्हावं लागेल, हे आम्हाला पटत नाही.

शिक्षक घाबरलेले आहेत. ज्या धड्यामुळे तक्रार होऊ शकते तो धडा माणूस पटकन उरकतो, त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून मंडळाकडे मागणी शिक्षकांच्या बाजूनं करायची आहे. मूळ कागद वर्गात वापरायला लेखी परवानगी. वर्षातून एक सहल, शाळेच्या खर्चानं. शिक्षकांच्या प्रशिक्षणात अभिलेखागाराच्या कागदांसाठी दोन दिवस. आणि तक्रार आली तर आधी पालकानं धडा वर्गात बसून पाहायचा, मगच अर्ज.

शाळा मंडळाच्या बैठकीत बोलायला नागरिकत्वाचा दाखला लागत नाही. आधी नाव नोंदवावं लागतं आणि मोजकी मिनिटं मिळतात. मराठी शाळेतल्या काही पालकांनी पुढच्या बैठकीसाठी नावं दिली आहेत.