खाजनातलं पाणी आणि मॅक्सवेलचा हिशेब

(फोंड्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसमोर केलेलं बोलणं, थोडं सारखं करून)

फाटल्यांक आयकूंक येता मू? मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. मराठीतच बोलतो, मधेच कोकणी आली तर चालवून घ्या.

ईएमटी, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक थिअरी, या विषयाबद्दल तुमच्या सीनियरनी तुम्हाला काय सांगितलं असणार ते मला माहीत आहे, आम्हालाही तेच सांगितलं होतं, की डायव्हर्जन्स आणि कर्लचे फॉर्म्युले तिन्ही कोऑर्डिनेटमध्ये घोकून काढ आणि मग मंगेशाला नारळ ठेव. मी दोन्ही केलं आणि नापास झालो. नारळाचा दोष नाही, मला कर्ल म्हणजे काय हे कळलंच नव्हतं, नुसता डिटर्मिनंट मांडता यायचा.

आतापर्यंत तुम्ही सर्किट शिकलात. त्यात तार म्हणजे कागदावरची रेघ, ती कुठून नेली, किती लांब, शेजारी काय आहे, कोणी विचारत नाही. हे खरं म्हणजे धादांत खोटं आहे, पण खपून जातं. का खपतं बघा. घरातली वीज ५० हर्ट्झची, तिची तरंगलांबी ६००० किलोमीटर. पेडण्यापासून काणकोणपर्यंत आख्खा गोवा शंभर-एक किलोमीटर, म्हणजे त्या एका लाटेचा साठावा भाग. एवढ्याशा तुकड्यात लाट चढतेय की उतरतेय हे जाणवतच नाही, म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी एकच व्होल्टेज धरलं तरी गणित सुटतं. आता वायफाय घ्या, २.४ गिगाहर्ट्झ, लाट साडेबारा सेंटिमीटरची, अर्ध्या वीतीपेक्षा थोडी जास्त, आणि सर्किट बोर्डावर तर ती आणखी आखडते, सातेक सेंटिमीटरवर येते. तिथे त्याच रेघेच्या एका टोकाला शिखर आणि दुसऱ्या टोकाला दरी असू शकते. मग किरचॉफचे सर्किटचे नियम गेले. तुम्ही शिकलात ते सर्किट म्हणजे फील्डने, विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राने, लहान वस्तूंना दिलेली सवलत आहे, एवढंच.

अजून एक. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून एक अँपिअर करंट जातो तेव्हा इलेक्ट्रॉन किती वेगाने सरकतात? सेकंदाला साधारण ०.०७ मिलिमीटर. एक मीटर जायला पावणेचार तास! आणि घरातल्या एसीत तर ते पुढे जातच नाहीत, जागच्या जागी डुलतात. तरी बटण दाबल्याबरोबर दिवा लागतो. मग दिव्यापर्यंत गेलं काय? ऊर्जा गेली, आणि ती तारेच्या पोटातून नाही, तारेच्या भोवतीच्या जागेतून गेली. १८८४ मध्ये पॉइंटिंगने ते गणितात मांडलं. तार म्हणजे ऊर्जेला वाट दाखवणारी. सगळा खेळ मधल्या मोकळ्या जागेत आहे आणि ईएमटी हा त्या मोकळ्या जागेचा विषय आहे, आज मला तुम्हाला एवढंच सांगायचंय, बाकीचं सगळं त्याच्या मागोमाग येतं.

ही मोकळी जागा पहिल्यांदा नीट दिसली ती मायकल फॅरेडेला. लोहाराचा मुलगा, पुस्तकं बांधायच्या दुकानात उमेदवारी केलेला, गणित जवळजवळ नाहीच. १८३१ मध्ये त्याने इंडक्शन शोधलं, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्राने तारेत वीज निर्माण होणं, आणि गणित नसल्यामुळे त्याने रेघा काढल्या, चुंबकाभोवती लोखंडाचा कीस टाकला की उमटतात त्या. त्या काळातले मोठे गणिती म्हणायचे दोन वस्तू लांबून एकमेकींना ओढतात, मधे काही नाही. फॅरेडे म्हणायचा, मधेच तर सगळं आहे. त्याच १८३१ साली मॅक्सवेल जन्माला आला, आणि पुढे त्या रेघांना गणितात त्याने बसवलं.

आता ते गणित. तुमच्यापैकी चोडण, दिवाडीकडचं कोण आहे? हात वर करा. चांगलं, तुम्हाला खाजन माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगतो, नदीकाठची सखल शेतं, भोवती मातीचा बांध, आणि बांधात पाणी आत-बाहेर सोडायला मानस, लाकडी दारांची. आता समजा मी बांधावर उभा आहे आणि मला शेतात उतरायचंच नाहीये. मानशीतून आत किती पाणी गेलं आणि बाहेर किती आलं एवढंच मी मोजतो. तेवढ्यावर आत पाणी किती वाढलं हे मी सांगू शकतो की नाही? सांगू शकतो. आत नुसतंच येतंय आणि बाहेर काही नाही, तर पातळी चढणार. आत येतंय त्यापेक्षा जास्त बाहेर पडतंय आणि पातळी तरी हलत नाही, तर आत कुठेतरी झर आहे. झालं, हेच डायव्हर्जन्स थिअरम. काठावर मोजा, आतलं कळतं. गाउसचा नियम म्हणजे बांधावरून आतला चार्ज ओळखणं.

कर्लसाठी फेरीवर जाऊया. रायबंदरच्या धक्क्यावर काठाजवळ करवंटी टाका पाण्यात. काठाला लागून प्रवाह मंद, जरा आत गेलं की जोरात, म्हणून करवंटीच्या एका बाजूला जास्त ढकललं जातं आणि ती गरगरते. नदी सरळ वाहतेय हो, कुठे भोवरा नाही, तरी करवंटी फिरते. फिरली म्हणजे तिथे कर्ल आहे, नाही फिरली तर नाही. मला हे कोणी एकोणिसाव्या वर्षी सांगितलं असतं तर एक नारळ वाचला असता.

आता परत खाजनात, कारण मॅक्सवेलची खरी करामत तिथेच कळते. अँपिअरचा जुना नियम असा होता, की चुंबकीय क्षेत्राचा कर्ल म्हणजे तिथला करंट. आणि कर्लचं डायव्हर्जन्स नेहमी शून्य, हे तुम्ही दोन ओळीत सिद्ध करता. म्हणजे हा नियम गुपचूप असं म्हणतोय की मानशीतून जेवढं आत आलं तेवढं बाहेर गेलंच पाहिजे, खाजनात पाणी चढूच शकत नाही! आणि इथे तर कपॅसिटर, म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या धातूच्या दोन प्लेट, चार्ज होतोय. त्याच्या एका प्लेटभोवती मनातल्या मनात बांध घाला. तारेतून करंट आत येतोय, बाहेर काही जात नाही, चार्ज साचतोय. हिशेब जुळत नाही. मॅक्सवेलने बघितलं की दोन प्लेटच्या मधल्या पोकळीत विद्युत क्षेत्र वाढतंय, आणि त्या वाढीचा दर घेतला तर तो बरोबर तेवढाच भरतो जेवढा करंट तारेतून आला. मग त्या वाढीलाही करंट म्हणा, डिस्प्लेसमेंट करंट. वही जुळली. (इतिहासात तो १८६१-६२ च्या सुमाराला चाकं आणि गोळ्यांचं एक काल्पनिक यंत्र मांडून तिथे पोचला, हिशेबाची ही वाट नंतरच्या मास्तरांची आहे, पण शिकायला मला हीच बरी वाटते.)

त्या एका टर्ममुळे काय झालं बघा. बदलतं चुंबकीय क्षेत्र विद्युत क्षेत्र तयार करतं हे फॅरेडेने दाखवलं होतंच, आता बदलतं विद्युत क्षेत्रही चुंबकीय क्षेत्र तयार करायला लागलं. एक दुसऱ्याला ढकलतंय, दुसरं पहिल्याला, तारेची गरजच नाही, निघाली लाट. लाटेचा वेग काढला तर तो वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये टेबलावर नुसत्या विजेच्या मोजमापातून काढलेल्या आकड्यावरून यायचा, आणि तो प्रकाशाच्या वेगाजवळ आला. त्या प्रयोगात प्रकाश कुठे मोजलेलाच नाही! तुम्ही आज कॅल्क्युलेटरवर करा, एप्सिलॉन नॉट आणि म्यू नॉट, म्हणजे पोकळीचे विद्युत आणि चुंबकीय स्थिरांक, यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, त्याचा व्यस्त, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. हा आकडा पहिल्यांदा स्वतः काढाल तेव्हा जरा थांबा, लगेच पुढच्या गणिताला जाऊ नका. १८६५ च्या पेपरात मॅक्सवेलची वीस समीकरणं होती, तुमच्या पुस्तकातली चार ही हेविसाइडची कृपा, तोही सोळाव्या वर्षी शाळा सोडून तार ऑफिसात लागलेला. लाट प्रत्यक्ष पकडली हर्ट्झने, १८८७-८८ मध्ये, तोवर मॅक्सवेलला जाऊन आठेक वर्षं झाली होती.

हे सगळं नोकरीत कुठे लागतं विचाराल. मी एका कंपनीत होतो, नाव कशाला, तिथे आमचा एक बोर्ड टेस्टमध्ये सारखा आपटायचा, रेडिएशन लिमिटच्या वर, म्हणजे त्यातून परवानगीपेक्षा जास्त रेडिओ लहरी बाहेर पडायच्या. दोन आठवडे कपॅसिटर लावा-काढा, काही नाही. शेवटी खालच्या ग्राउंडच्या तांब्यात एक चीर सापडली, कोणीतरी एक पॉवरची लाईन न्यायला मधोमध कापलेली, माझंच काम ते, आणि वरून क्लॉकची, म्हणजे सतत भराभर वर-खाली होणाऱ्या सिग्नलची, लाईन बरोबर ती चीर ओलांडून जात होती. सर्किटच्या दृष्टीने काही चूक नाही, ग्राउंड ते ग्राउंड, मीटर लावला तर शून्य ओहम. पण जास्त फ्रिक्वेन्सीला परतीचा करंट लाईनच्या अगदी खालून यायला बघतो, त्याला चिरेला वळसा घालावा लागला, मोठा लूप झाला, आणि लूप म्हणजे अँटेना. चिरेवर बोटभर तांब्याची पट्टी सोल्डर केली. पास.

आता हा ट्रान्झिस्टर. वडिलांचा आहे. पणजी आकाशवाणीच्या बातम्या लावल्यात, मीडियम वेव्ह. आडवा फिरवतो, ऐका... आवाज बसला, आणखी फिरवला की परत आला. आत फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी आहे, तिच्या लांबीच्या दिशेने चुंबकीय क्षेत्र आलं तरच ती पकडते. जुनी माणसं रेडिओ फिरवत बसायची ती उगाच नाही. आता हा अॅल्युमिनियमच्या टोपात ठेवतो, वर झाकण. गप्प. एक मेगाहर्ट्झला अॅल्युमिनियममध्ये लाट ०.०८ मिलिमीटरमध्येच एक तृतीयांशावर येते आणि हा टोप मिलिमीटरच्या वर जाड आहे.

आता त्याच टोपात माझा मोबाईल ठेवतो, झाकण तेच. पुढच्या बाकावरची ती मुलगी, हां तू, नंबर फळ्यावर आहे, लाव फोन... वाजतोय. रेडिओ मेला आणि मोबाईल जिवंत. धातू तोच. झाकण आणि काठ यांच्यात गोल फट आहे, टोपाचा घेर साठेक सेंटिमीटर. ९०० मेगाहर्ट्झला अर्धी लाट किती होते काढा, आणि मग तीनशे मीटरच्या मीडियम वेव्हला तीच फट केवढी वाटेल ते बघा. चहा होईपर्यंत उत्तर द्या, आणि कोणीतरी तो फोन कट करा.